एकांत प्रार्थनेत 'ऐकायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

बेथानी

सर्वांना सलाम.

रोजची प्रार्थना चुकत नाही, पण ती एकतर्फी होते. उपकारस्तुती, घरच्यांची नावं, आजारी माणसं, मंडळीचे (चर्चचे) विषय, 'येशूच्या नावाने मागते, आमेन'. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपतं. 'देवाजवळ शांत बसा, त्याचं ऐका' असं उपदेशांत वारंवार सांगतात. बसल्यावर करायचं काय, हे कोणी सांगत नाही. शांत बसलं की उद्याची कामं आठवतात, नाहीतर डोळा लागतो.

म्हणून थेट विचारते:

१. ऐकण्याची काही पद्धत आहे का? किती वेळ, कोणत्या क्रमाने?
२. मनात आलेला विचार आपला की देवाचा, हे कसं ओळखायचं?
३. स्वतंत्र खोली नाही आणि पहाटे उठणं जमत नाही. अशा वेळी काय करायचं?
४. काहीच जाणवत नाही असे आठवडेच्या आठवडे जातात, तेव्हा?

'फक्त विश्वास ठेवा' छापाची उत्तरं कृपया नकोत. ती ऐकून झाली आहेत.

मंदवाणी

पहिला प्रश्न मी घेतो. बाकीच्यांवर इथले जाणकार लिहितीलच.

तुमचा क्रम उलटा आहे, अडचण तिथे आहे. आपण आधी बोलून घेतो, विषय संपले की गप्प बसतो आणि आता देवाने बोलावं म्हणून वाट पाहतो. अशा रिकाम्या मनात जे वर येतं ते बहुतेक आपलंच असतं: राहिलेलं काम, कोणाचं तरी लागलेलं बोलणं. ऐकणं आधी ठेवा, बोलणं नंतर. आणि ऐकायचं ते शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून. देव आधी बोललेला आहे, आपली प्रार्थना हे त्याला दिलेलं उत्तर आहे, हे एकदा डोक्यात बसलं की 'आता मी काय बोलू' हा प्रश्नच उरत नाही.

एकूण २० मिनिटं धरा. पहिली २ नुसती बसण्यात जातात, जाऊ द्या. मग ८ वाचनाला, ६ उत्तराला, ३ गप्प राहायला आणि शेवटचं एक वहीत दोन ओळी लिहायला. घड्याळाकडे बघत राहायचं नसेल तर गजर लावून फोन हाताला लागणार नाही असा ठेवा, शक्यतो उपडा. शास्त्र कागदी वापरा. फोनवरच वाचायची वेळ आली तर इंटरनेट बंद करून वाचा.

उतारा ६ ते १० वचनांचा, त्याहून मोठा नको. अख्खा अध्याय घेतला की तो 'संपवण्याची' घाई लागते आणि वाचन वार्षिक वाचनक्रमासारखं होतं. तो क्रम वेगळा चालू ठेवा, त्याची या वेळेत सरमिसळ करू नका. जुन्या भाषांतरातले शब्द अडत असतील तर सोपं भाषांतर घ्या. इथे अडखळत वाचण्यात काही पुण्य नाही.

मोठ्याने किंवा किमान ओठ हलवत तीनदा वाचायचं. मार्क १०:४६–५२ घेऊन दाखवतो, आंधळा बार्तीमय. वचनं सातच आहेत.

पहिल्या वाचनात फक्त काय घडतंय ते बघा. यरीहोच्या वाटेवर तो भीक मागत बसलाय. 'दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर' म्हणून ओरडतो. लोक दटावतात, तो आणखी जोरात ओरडतो. येशू थांबतो. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. एवढंच. यावर अजून काही अर्थ काढायचा नाही.

दुसऱ्यांदा हळू वाचा, आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा. कोणाचं मन दटावणाऱ्या लोकांपाशी अडेल, कोणाचं टाकलेल्या वस्त्रापाशी. समजा ५१व्या वचनापाशी अडलं: 'मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?' मग पुढे जायचंच नाही. तो प्रश्न चार-पाच वेळा, सावकाश, स्वतःला उद्देशून वाचायचा.

तिसऱ्या वाचनानंतर त्याचं उत्तर द्यायचं. खरं उत्तर, मंडळीत शोभेल असं नाही. इथे एक बारीक गोष्ट बघा. त्याच अध्यायात, ३६व्या वचनात, येशूने हाच प्रश्न याकोब आणि योहान यांना विचारला आहे. त्यांनी उजवी-डावीकडची जागा मागितली, बार्तीमयाने दृष्टी मागितली. तुमच्या तोंडून जे उत्तर निघेल ते दोघांपैकी कोणाच्या जवळचं आहे, हे येशूसमोरच तपासता येतं. हे 'ऐकणं' झालं. आवाज आला नाही, अंगावर काटा आला नाही, तरी झालं.

मग तीन मिनिटं गप्प. या वेळात नवीन काही मिळवायचं नाही. जे वचन अडलं होतं ते मनात धरून फक्त देवाजवळ असायचं.

पद्धत जुनीच आहे. १२व्या शतकात दुसरा गीगो नावाच्या मठप्रमुखाने वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत चिंतन अशा चार पायऱ्या मांडून ठेवल्या. नाव कोणतंही द्या, बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. एक, वाचताना 'हे अमक्याने ऐकायला हवं होतं' असं वाटू लागतं. दोन, जे उपदेश करतात किंवा संडेस्कूल घेतात त्यांना उताऱ्यात मुद्देच दिसू लागतात आणि प्रार्थनेऐवजी पाठाची तयारी होते. त्यांनी पुढच्या रविवारचा उतारा इथे घेऊच नये. तीन, न समजलेल्या शब्दासाठी टीकाग्रंथ उघडला जातो आणि वेळ तिथेच संपतो. प्रश्न वहीच्या मागच्या पानावर टाका, अभ्यासाच्या वेळी बघा.

आणि २० मिनिटं जड वाटत असतील तर १० करा, पण तोच क्रम ठेवून. रोजची १० मिनिटं आठवड्यातून एकदा काढलेल्या दीड तासापेक्षा जास्त काम करतात.

दिवटी

मंदवाणी यांना अनुमोदन. दुसरा प्रश्न मी घेते, कारण यात लोक सगळ्यात जास्त घसरतात.

आधी हे मान्य करू की गोंधळ होणारच. १ शमुवेल ३ मध्ये प्रत्यक्ष देव हाक मारतोय आणि लहानगा शमुवेल उठून याजक एलीकडे धावतोय. एकदा नाही, तीनदा. कारण हाक ओळखीच्या माणसासारखी वाटली. आणि उलगडा कोणी केला? म्हाताऱ्या एलीने, तोही तिसऱ्या खेपेला. मुलाला एकट्याला ते ओळखता आलं नाही, दुसरं माणूस लागलं. पडताळणीचा निम्मा नियम इथेच आला.

मनात काही ठळक आलं तर मी सांगेन, या क्रमाने तपासा.

शास्त्राविरुद्ध आहे का? असेल तर विषय तिथेच संपला. पण 'शास्त्रात आहे' एवढंही पुरत नाही, वचन त्याच्या संदर्भात तेच सांगतंय का ते बघा. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन 'आजचा संदेश' मानायचं, हे मनाचेच खेळ आहेत. हवं ते मिळेपर्यंत पानं उघडली जातात.

सूर कसा आहे? पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा तो नेमका असतो: 'काल तिच्याशी बोललास ते खोटं होतं, जाऊन सांग.' पुढे करायचं काहीतरी असतं आणि केल्यावर मन हलकं होतं. 'तू मुळातच नालायक आहेस, तुझ्याच्याने काही होणार नाही' हा सूर मोघम असतो, त्यातून बाहेर पडायला दार नसतं. २ करिंथ ७:१० मध्ये पौलाने दोन दुःखांतला हाच फरक सांगितला आहे.

घाई आहे का? 'आत्ताच, आजच, कोणाला न विचारता' अशी ढकलाढकल असेल तर थांबा. मोठा निर्णय निदान काही आठवडे प्रार्थनेत ठेवा. देवाचं असेल तर ते तेवढ्यात विरून जात नाही. आपल्या उत्साहाचं असेल तर बऱ्याचदा जातं.

दुसरं कोण काय म्हणतं? प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि शौल यांना देवाच्या कामासाठी वेगळं करण्याचा शब्द मंडळीचे लोक एकत्र उपास करत असताना आला. १५:२८ मध्ये तर 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले' असं पत्रातच लिहिलंय. ज्याला तुमच्या निर्णयातून काही मिळणार नाही आणि जो तुम्हाला 'नाही' म्हणायला कचरत नाही, असं एक प्रौढ माणूस धरा. फक्त हो म्हणणाऱ्या मैत्रिणीला विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच.

गिदोनाच्या लोकरीचं उदाहरण (शास्ते ६) खूपदा देतात, 'चिन्ह मागा' म्हणून. तो उतारा नीट वाचा. गिदोनाला आज्ञा आधीच मिळालेली होती, 'लोकर दवाने भिजू दे, जमीन कोरडी राहू दे' अशी खूण मागणं ही त्याची चाचपड होती. देवाने ती सोसली, पण कुठे 'असं करत जा' म्हटलेलं नाही.

आणि बोलताना जिभेला लगाम. 'देवाने मला सांगितलं' हे वाक्य दुसऱ्याचं लग्न, पैसा आणि आजारपण यांच्याबाबत वापरूच नका. त्यावर समोरच्याला वाद घालता येत नाही, म्हणून ते हत्यार बनतं. 'प्रार्थनेत असं वाटलं, तुम्हीही तपासून बघा' इतकंच म्हणावं. १ थेस्सलनीका ५:१९–२१ मध्ये आत्म्याला विझवू नका आणि सगळ्याची पारख करा, हे दोन्ही एका दमात सांगितलंय. आमच्यातले काही पहिलंच पाळतात, काही दुसरंच.

प्रार्थनेत 'जाणवलं' म्हणून कोणाची औषधं बंद करायची नाहीत. कानांनी स्पष्ट आवाज येत असतील, ते हुकूम देत असतील, झोप उडाली असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटायचं. यात अविश्वास नाही.

द्राक्षवेल

दिवटीताई, बाकी सगळं पटलं, फक्त एक पुस्ती. पारखण्यावर एवढा भर दिला की नवीन माणूस घाबरून ऐकणंच सोडून देतो. वहीत लिहून ठेवायला काय हरकत आहे? तारीख, वचन आणि मनात आलेली गोष्ट एका ओळीत. कृती लगेच करायची नाही. दर महिन्याला मागची पानं वाचायची. तीच गोष्ट वेगवेगळ्या उताऱ्यांतून पुन्हा पुन्हा येत असेल तर तिच्याकडे लक्ष द्यायचं, एकदाच येऊन गेली असेल तर सोडून द्यायची. शिवाय छोट्या गोष्टींत, म्हणजे 'अमक्याला फोन कर', 'माफी माग', 'गप्प बस', अशांत चुकून चुकून काय चुकणार? पारख हवी, पण ओझ्याच्या मानाने.

दिवटी

@द्राक्षवेल, ओझ्याच्या मानाने, हे बरोबर. लिहायला हवं होतं. वहीचंही पटलं. फक्त वही कुलपात किंवा कोणी उघडणार नाही अशी ठेवा. दुसरं कोणी वाचेल या धास्तीने माणूस वहीतही सजवून लिहायला लागतं.

तिसरा_प्रहर

तिसरा प्रश्न: वेळ आणि जागा.

पहाटच हवी असा नियम कुठेही नाही. मार्क १:३५ मध्ये येशू अंधार असताना उठून एकांतात गेला, पण लूक ६:१२ मध्ये बारा जणांना निवडण्याआधी त्याने अख्खी रात्र काढली. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. स्तोत्र ५५:१७ मध्ये संध्याकाळ, सकाळ, दुपार तिन्ही आहेत. वेळ ठरलेली हवी, कोणती ते तुमचं शरीर आणि घर ठरवेल. रात्रपाळीच्या माणसाने पहाटे पाचचा हट्ट धरला तर तो देवासमोर फक्त पेंगणार. रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला ही वेळ जोडा: मुलं शाळेत गेल्यावर, किंवा कामावर पोचल्यानंतर आत जाण्याआधीची १० मिनिटं. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं की मिळत नाही.

खोली नसेल तर. मत्तय ६:६ मधल्या दार लावण्याचा मुद्दा असा की बघणारं कोणी नसावं. येशू स्वतः डोंगरावर आणि अरण्यात जायचा, त्याला कुठली खोली? जिना, गच्ची, रिकामं चर्च, बागेतला बाक, काहीही चालेल. सगळे घरातच असतील तर भिंतीकडे तोंड करून एकच ठरलेली खुर्ची ठेवा आणि घरच्यांना सरळ सांगा की मी या खुर्चीत असताना १५ मिनिटं हाक मारू नका. लहान मुलंही हे आठवड्याभरात शिकतात. मोठ्याने बोलता येत नसेल तर हन्नाचं आठवा (१ शमुवेल १:१३): ओठ हलत होते, आवाज नव्हता. एलीला ती दारू प्यायलेली वाटली, देवाला तसं वाटलं नाही.

झोप येते त्यावर चार उपाय, चारही शारीरिक. पलंगावर बसू नका. पाठ सरळ, पावलं जमिनीवर. डोळे उघडे ठेवा, नजर खाली एका जागी. तरीही पेंग आली तर उभं राहा किंवा चालत प्रार्थना करा. रोजच झोप येत असेल तर मात्र ती प्रार्थनेची अडचण नाही, झोप अपुरी आहे. रात्री लवकर निजा.

मन भटकतं, ते भटकणारच. त्याबद्दल स्वतःला झोडपण्यात जो वेळ जातो तो भटकण्यापेक्षा जास्त असतो. हाताशी कागदाचा चिटोरा ठेवा. काम आठवलं की दोन शब्द खरडा, परत या. माणूस आठवलं तर त्याच्यासाठी एक वाक्य मागा, परत या. परतायला एक ठरलेलं छोटं वाक्य असावं. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेली येशूची प्रार्थना त्यासाठी उत्तम: श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, आहे त्या लयीत. पाच-सहा वेळा झालं की उताऱ्याकडे परत.

बेथानी

खूप आभार सगळ्यांचे. एक शंका: तेच तेच वाक्य म्हणणं ही मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड नाही का? आमच्याकडे यावरून नक्की कोणीतरी हटकेल. आणि भक्तिगीतं लावून बसलं तर चालतं का?

तिसरा_प्रहर

त्या वचनात दोष कशाला दिलाय ते पुढच्या ओळीत आहे: पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल, असा हिशेब. देवाला वाकवण्यासाठी संख्या मोजू लागलात तर ती बडबड. लक्ष परत आणण्यासाठी वाक्य वापरलंत तर नाही. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द म्हटले (मत्तय २६:४४), आणि स्तोत्र १३६ च्या २६ही वचनांत 'त्याची दया सनातन आहे' आहेच. हटकणाऱ्याला ही दोन ठिकाणं दाखवा.

गाणं सुरुवातीला एक, फार तर दोन, नंतर बंद. पूर्ण वेळ लावून ठेवलं तर गाणंच भावना तयार करतं आणि आपण तिलाच देवाची हजेरी समजतो. गाणं थांबलं की देव गेला असं वाटू लागतं, ते याच सवयीमुळे.

द्राक्षवेल

आता चौथा, कोरडेपणाचा. यावर सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर.

आधी साधी कारणं धुंडाळा. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया 'पुरे झालं, माझा जीव घे' म्हणतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, दूत उठवून खाऊ-पिऊ घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देवाची मंद वाणी ऐकू आली ती त्यानंतर, होरेब डोंगरावर. थकलेल्या, आजारी, बाळंतीण किंवा शोकात असलेल्या माणसाने आपल्या कोरडेपणाचं आध्यात्मिक कारण शोधत बसू नये. आठवड्यांमागून आठवडे कशातच रस वाटत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

मग मनातल्या गाठी. कोणाविषयी धरून ठेवलेला राग (मार्क ११:२५), घरात जोडीदाराशी वागणं (१ पेत्र ३:७ मध्ये प्रार्थनेला अडथळा येण्याचा इशारा पतींना दिलाय, हे सहसा वाचून दाखवत नाहीत), किंवा एखादी स्पष्ट समजलेली आणि टाळलेली गोष्ट. शेवटची फार महत्त्वाची. आधीचं सांगणं केलेलं नसताना नवीन काय ऐकू येणार? वहीत मागे जाऊन बघा.

हे सगळं बघूनही कोरडंच असेल तर तो ऋतू आहे, शिक्षा नाही. १६व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या संताने अशा काळासाठी दोन नियम दिलेत आणि ते अजून लागू पडतात. मन उजाड असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि नेहमीची वेळ कमी करायची नाही, उलट किंचित जास्त बसायचं. २० मिनिटांची २२ करा, १० करू नका. हात आखडता घेतला की उद्या बसणं आणखी जड जातं.

या काळात स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तर स्तोत्रांचे घ्या. स्तोत्र १३ नुसतं सहा वचनांचं आहे. पहिल्या दोनांत तक्रार ('किती वेळ?'), मधल्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात स्वतःच्या सहा ओळी लिहा. पहिल्या दोन लिहिताना हात राखू नका. देवाविषयीची तक्रार देवाजवळच केली तर तीही जवळीकच आहे, पाठ फिरवून इतरांजवळ केली की दुरावा. आणि शेवटच्या दोन खऱ्या वाटत नसतील तर कोऱ्या ठेवा, नंतर भरा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे.

एक बघून ठेवा. होरेबावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्याआधी देवाने विचारलं, 'एलीया, तू इथे काय करतोस?' आणि नंतरही तेच विचारलं. एलीयाने दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच गाऱ्हाणं मांडलं. मंद वाणी ऐकूनही त्याचं मन लगेच पालटलं नाही! देव चिडला नाही. त्याने परत जायला सांगितलं, तीन माणसांना अभिषेक करायचं काम दिलं, आणि 'मीच एकटा उरलो' या त्याच्या हिशेबावर देवाशी एकनिष्ठ राहिलेल्या सात हजारांचा आकडा ठेवला. ऐकल्यावर गदगदून यायलाच हवं असं समजणाऱ्यांनी हा उतारा वाचावा. एलीयाला शेवटी मिळालं ते काम आणि चुकलेल्या हिशेबाची दुरुस्ती.

मंदवाणी

वा, द्राक्षवेल. शब्दाला शब्द तेच, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आताच १० आणि १४ ताडून पाहिलं.

बेथानी, तुमच्या मूळ प्रश्नातली एक गोष्ट राहिली: नावांची यादी. मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठीची प्रार्थना, या २० मिनिटांत घुसवू नका, ती सगळा वेळ खाते. वेगळी १० मिनिटं ठेवा, किंवा नावं वारांवर वाटा: रोज घरची माणसं आणि त्याखेरीज पाच-सहा नावं. चाळीस नावं एका दमात वाचली की ती हजेरी होते. प्रत्येक नावापाशी एकच नेमकी मागणी ठेवा. 'आशीर्वाद दे' नको. 'उद्याच्या तपासणीत धीर दे' असं काहीतरी, ज्याचं उत्तर आलं की नाही ते नंतर कळेल.

आणि रात्री पाच-सात मिनिटं दिवसाचा आढावा. हाही इग्नेशियसचाच. आजच्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल आभार. मग 'मला दाखव' म्हणून मागणं, स्तोत्र १३९:२३–२४ यासाठी पाठ करून ठेवा. मग सकाळपासून तासातासाने दिवस आठवायचा: कुठे देवाकडे वळलो, कुठे पाठ फिरवली. जिथे फिरवली तिथली क्षमा. उद्याची एक गोष्ट. अंथरुणात पडल्यावर करू नका, तिसऱ्या पायरीपर्यंत कोणी पोचत नाही. ज्यांना सकाळी 'काहीच ऐकू आलं नाही' वाटतं त्यांना बऱ्याचदा ते दिवसभरात ऐकू आलेलं असतं, फक्त रात्री मागे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

बेथानी

वही आणली. पहिले काही दिवस कोणते उतारे घेऊ? स्वतः शोधत बसले तर त्यातच वेळ जाईल.

दिवटी

घ्या, या क्रमाने: मार्क १०:४६–५२. स्तोत्र १३९:१–१२, दोन दिवस, सहा-सहा वचनं. लूक १०:३८–४२, मार्था आणि मरीया, तुमच्या नावाचंच गाव. यशया ४३:१–४. योहान १५:१–८. १ शमुवेल ३:१–१०. १ राजे १९:९–१८. स्तोत्र १३. लूक १५:११–३२, उधळ्या मुलाची गोष्ट, तीन दिवसांत: ११–१९, २०–२४, २५–३२. मोठ्या मुलाचा भाग गाळू नका, मंडळीत नियमित येणाऱ्यांचं मन बहुतेक तिथेच अडतं.

एखाद्या उताऱ्यापाशी थांबावंसं वाटलं तर दुसऱ्या दिवशीही तोच घ्या. यादी संपवायची नाहीये.

तिसरा_प्रहर

यशया ४३ मध्ये १ ते ४ वाचताना पहिल्या वचनातल्या 'याकोबा' आणि 'इस्राएला' यांच्या जागी लगेच स्वतःचं नाव घालू नका. पहिल्या वाचनात ते त्या बंदिवान लोकांना उद्देशून आहे तसंच वाचा, म्हणजे 'पाण्यातून जाशील तेव्हा' यामागे केवढं काय आहे ते कळेल. नाव दुसऱ्या वाचनात.